आईची साक्ष, आईचा डोळा

आमच्या ख्रिस्ती माणसांना डोळ्याचं दुखणं सांगू नये. पोट दुखतंय म्हणा, ओवा खायला सांगतील. गुडघा धरलाय म्हणा, कसलंसं तेल सुचवतील. पण डोळ्याला कमी दिसतंय एवढं नुसतं म्हणा, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम उपासनेतला भाव येतो. कुणाला तो जन्मापासूनचा आंधळा आठवतो, ज्याच्या डोळ्यांना प्रभूनं थुंकीत माती कालवून लावली होती. कुणाला तो विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा आठवतो, जो वाटेत आंधळा होऊन पडला आणि मग ज्याच्या डोळ्यांवरून खवले गळाले. कुणी कुसळ आणि मुसळ काढतं. मध्यंतरी मी चर्चमधल्या एका बाईंना इतकंच विचारलं की पायऱ्यांवरचा बल्ब कधी बदलणार, संध्याकाळी उतरताना काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, "खरं आंधळेपण मनाचं असतं, ताई." बल्ब अजून तसाच आहे.

मी वीज कंपनीच्या ऑफिसात तक्रारी घेते, म्हणूनही मला याचा जास्त राग येत असेल. माझ्या नोकरीत अंधार म्हणजे अंधार. गारखेड्यातून फोन आला की आमच्या गल्लीत काही दिसत नाही, तर आम्ही वायरमन पाठवतो. मी काही नास्तिक नाही. दर रविवारी चर्चला जाते, जेवणाआधी डोळे मिटते. शरीराचा दिवा डोळा आहे, डोळे असून न पाहणारी माणसं आहेत, आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवली तर दोघंही खड्ड्यात पडतात, हे सगळं मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, त्या आंधळ्यांना आधी खरोखरचं दिसत नव्हतं. ते ठेचकाळत होते, भीक मागत होते. त्यांच्या आंधळेपणाचा अर्थ आपण नंतर लावला.

हे सगळं सांगायचं कारण माझी आई. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वडील गेल्यापासून माझ्याकडे गारखेड्यात राहते. तिला लहानपणी गोवर आला तेव्हा उजव्या डोळ्यात फूल पडलं. तो डोळा तेव्हापासून नावालाच आहे. सगळा जन्म तिनं डाव्या डोळ्यावर काढला. त्या एका डोळ्यानं वह्या तपासल्या, तांदूळ निवडले, चर्चमध्ये उभं राहून शास्त्रपाठ वाचले. त्यामुळे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा मी लगेच दवाखान्याचा विषय काढला. आई मात्र पिकू दे म्हणत बसली. हा तिच्या तरुणपणचा समज, मोतीबिंदू आंब्यासारखा पिकायला लागतो म्हणून. शेवटी मी रजा टाकली आणि तिला जवळजवळ ओढतच उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला तुटक पण हाताला उत्तम. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं, तुझे केस केवढे पिकले." मी रडायच्या बेतात होते, ते राहूनच गेलं. पुढचे कितीतरी दिवस मी घड्याळ लावून तिच्या डोळ्यात ड्रॉप घातले, तिला खाली वाकू दिलं नाही, डोक्यावरून अंघोळ करू दिली नाही. तिनं त्याबद्दल माझ्याशी रोज भांडण केलं.

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, कुणाची सुटलेली दारू. आई बरी झाल्यावर पहिल्याच रविवारी साक्षीला उभी राहिली. शिक्षिकेचा आवाज, कुठं थांबायचं ते बरोबर कळतं. तिनं सांगितलं की अंधार दाटत गेला, मी प्रभूचा धावा केला, प्रभूनं डॉक्टरांचे हात वापरले आणि मला दृष्टी दिली. मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं.

पण साक्ष चांगली झाली की तिला बोलावणी येतात. कुणाच्या घरगुती प्रार्थनेत, कुठल्या महिला सभेत, मग जालन्याला, मग कन्नडला. दर वेळी साक्ष थोडी उजळत गेली. डॉक्टर आधी साधन झाल्या. मग 'डॉक्टरांचे हात' यातले डॉक्टर गळाले आणि नुसते हात उरले. कन्नडच्या सभेत मी मागं बसून ऐकलं तेव्हा ते हात प्रभूचे झाले होते. उस्मानपुरा नाही, पट्टी नाही, ड्रॉप नाहीत. एक म्हातारी बाई अंधारात गुडघे टेकते आणि उठते तेव्हा तिला दिसतं.

परत येताना मी म्हटलं, "आई, यात ऑपरेशन कुठं गेलं?"

"ते काय सांगायचं? लोकांना माहीत असतं."

"कन्नडच्या लोकांना कसं माहीत असणार?"

"साक्ष म्हणजे काय केसपेपर आहे का गं?" ती म्हणाली. "कोणती भूल दिली, कोणतं भिंग बसवलं, ते ऐकायला येतात का लोक? गौरव कुणाला द्यायचा ते मला शिकवू नकोस."

तिच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय ती आनंदात होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा तिला कुणीतरी कुठंतरी बोलावत होतं, तिच्यासाठी खुर्ची मांडत होतं. मला वाटलं, जाऊ दे.

नाताळानंतर घरात बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. चहा कपातून बशीत, बशीतून ओट्यावर. मेथी निवडलेली म्हणून ठेवलेली, तिच्यात गवत. विचारलं तर म्हणायची, लाईट कमी आहे. वीज कंपनीत काम करणाऱ्या मुलीला हे ऐकवायचं म्हणजे कमाल होती. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या खाला मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "बेटा, अम्मा को दिखाओ किसी को. कल मैं सामने खडी, सलाम किया, तो पूछते कौन है. आवाज दी तब पहचाने मेरे कू."

मी वर आले आणि आईसमोर पेपर धरला. "वाच."

"मी काय पहिलीत आहे?"

"नुसता मथळा वाच. सगळ्यात मोठा."

तिनं पेपर हातात घेतला, खिडकीकडे तोंड केलं, आणि म्हणाली, "बातम्या तरी वाचण्यासारख्या राहिल्यात का आता?" आणि घडी घालून ठेवला. सदतीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेली बाई, सगळ्या सबबी तिला पाठ होत्या.

माझी खात्री पटली ती चर्चमध्ये. आई अजूनही महिन्यातून एखाद्या रविवारी शास्त्रपाठ वाचायची. वाचायची म्हणजे काय, तिला अध्यायच्या अध्याय पाठ आहेत. आदल्या दिवशी पाळकसाहेबांना फोन करून कोणता पाठ ते विचारायचं, मनात एकदा म्हणायचं, आणि रविवारी पुस्तक उघडून पानावर नजर ठेवून म्हणून दाखवायचं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी ऐन वेळी पाठ बदलला. व्यासपीठावरून नवा, आईला पाठ नसलेला अध्याय जाहीर केला, आईच्या हातात पान काढून पुस्तक दिलं. आई उभी राहिली आणि खणखणीत आवाजात जुनाच अध्याय तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पुस्तकात एक, तोंडात दुसरा.

आता सगळ्यांना कळणार, असं वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान आता कुणीतरी बोलेल.

पाळकसाहेब उठले आणि म्हणाले की आज पवित्र आत्म्यानं आपल्यासाठी वेगळं वचन निवडलं आहे. आणि तयार केलेलं प्रवचन बाजूला ठेवून त्या अध्यायावर बोलले. मंडळी भारावली. बाहेर आल्यावर लोक आईचे हात हातात घेत होते. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एकालाही वाटलं नाही की बाईंना अक्षर दिसत नसेल. जगातली सगळ्यात सरळ गोष्ट यांच्या डोक्यात शेवटी येते, आणि कधीकधी येतच नाही.

रिक्षात बसल्या बसल्या मी फुटले. रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी थांबले नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाताळापासून धूसर होत चाललंय. दुधात पाहिल्यासारखं."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगू? साक्ष दिलीय मी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? प्रभूनं दृष्टी दिली, असं गावोगाव सांगितलं. आता गेली म्हणून सांगू? देवानं दिलेलं असं परत जातं का? लोक काय म्हणतील? एक तर देवानं दिलीच नव्हती, नाहीतर माझंच काही पाप निघालं म्हणून काढून घेतली. दोन्हीकडून कुणाचं तरी नाव खराब होणार." तिनं पदर सारखा केला. "त्यापेक्षा आहे ते बरं आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तिला परत परत सांगितलं की ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टर म्हणाल्या होत्या, काही जणांना पुढं भिंगामागं पातळ पडदा येतो, मशीननं पाच मिनिटांत निघतो, चाकू नाही, पट्टी नाही. हे सगळं तिच्यासमोर सांगितलं होतं. पण त्यासाठी दवाखान्यात जावं लागणार, आणि आमच्या मंडळीतली निम्मी माणसं त्याच दवाखान्यात. आई हटून बसली. आणि माझ्या जिवाला घोर हा, की पडदा असेल तर ठीक, पण दुसरंच काही असलं तर? दाब वाढत असला तर? तिला राखीव डोळा नव्हता. हा गेला की संपलं. रस्ता ओलांडायचा म्हटलं की म्हणायची, आपण विश्वासानं चालतो, डोळ्यांनी नाही. हे वचन ज्यानं लिहिलं त्याला आमच्या सूतगिरणी चौकात सकाळी दहा वाजता उभं करावं, असं मला वाटायचं.

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेले. माणूस खरोखर चांगला, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारा. मी सगळं सांगितलं. फक्त साक्षीचं कारण सांगितलं नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाईंची आतली दृष्टी शाबूत आहे, ही केवढी कृपा आहे."

"पाळकसाहेब, आतल्या दृष्टीला रिक्षा दिसत नाही."

ते मनापासून हसले. चहा मागवला. प्रार्थना केली, चांगली लांब केली. मी म्हटलं, तुम्ही फक्त एकदा तिला सांगा की डॉक्टरकडे जा. ते हो म्हणाले. आणि पुढच्या रविवारी त्यांनी अंतःकरणाच्या डोळ्यांवर प्रवचन दिलं. त्यांच्या मते त्यांनी सांगितलं होतं. आई पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. चिडून मला रडू यायचं बाकी राहिलं. उठून ओरडावंसं वाटलं की कुणीतरी एकजण साधं बोला.

त्यानंतर पिशोरचं बोलावणं आलं. तिथं आमच्या लोकांची थोडी घरं आहेत, एका घरी वार्षिक प्रार्थना होती आणि बाईंनीच साक्ष द्यावी असा आग्रह होता. मी जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, मी एसटीनं एकटी जाईन. मग काय करता. मी बरोबर निघाले.

एसटीत खिडकीची जागा तिला दिली. बाहेर दोन्हीकडे कपाशी, मका, मधूनच आलं लावलेली वावरं. ती बाहेर बघत होती, निदान तोंड तिकडं होतं. मी मुद्दाम विषय काढला. शास्त्रात एक आंधळा आहे, तो मला सगळ्यांत आवडतो. प्रभूनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? बाकी सगळे आंधळे पहिल्याच वेळी बरे झाले. हा मात्र म्हणाला, माणसं दिसतायत, पण झाडांसारखी, चालणाऱ्या झाडांसारखी. मग प्रभूनं परत हात ठेवले आणि त्याला स्वच्छ दिसलं.

"बघ आई," मी म्हटलं. "देवाचा हात डोळ्यावर असताना तो माणूस म्हणाला, नीट दिसत नाही. त्याला नाही वाटलं देवाचं नाव खराब होईल म्हणून. आपल्या मंडळीतला असता तर हालेलुया म्हणून घरी गेला असता आणि जन्मभर लोकांना धडकत बसला असता."

आईनं खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मला वाटलं, लागू पडलं. मग ती म्हणाली, "प्रभूनं त्याला आधी हाताला धरून गावाबाहेर नेलं होतं. चारचौघांत नव्हतं विचारलं."

शास्त्र तिचं माझ्यापेक्षा पक्कं होतं आणि दुखणंही तिचं होतं. पिशोरला मी तिला हाताला धरून उतरवलं.

अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. "सलाम बाई, सलाम," करत आमच्या रीतीप्रमाणं माणसं पुढं आली. आई आवाजावरून ओळखून प्रत्येकाला उत्तर देत होती, आणि इतक्या सफाईनं देत होती की मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रागही आला. गीतं झाली, प्रार्थना झाली, मग साक्ष. ती अप्रतिम बोलली. अंधाराचं वर्णन तर आता अंगावर येत होतं, कारण तो आता आठवणीतला राहिला नव्हता. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. शेवटी ती म्हणाली, आता मला दिसतं. सगळं अंगण आमेन म्हणालं. मी म्हणाले नाही.

जेवणाआधी एक म्हातारी आपल्या नवऱ्याला हाताला धरून पुढं घेऊन आली. उंच, वाळलेला शेतकरी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. म्हातारी आईच्या पाया पडायला वाकली, आईनं ते तिला करू दिलं नाही.

"बाई, मागल्या साली कन्नडात तुमची साक्ष आयकली आमी," म्हातारी म्हणाली. "तवापासून ह्ये दवाखान्याचं नाव काढू देत नायत. गावात डोळ्याच्या शिबिराची गाडी आलती, समदे बसून गेले. ह्ये नाय बसले."

"कशाला बसायचं?" म्हातारा हसत म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "बाईला प्रभूनं दिलं, मला बी दील. आपुनच घाई करायची आन् वरून इस्वास हाय म्हनायचं, ह्ये बरं नाय."

"पर लई दुखतोय आता ह्यो डोळा," म्हातारी म्हणाली. "डोकं धरून बसत्यात, उलट्या व्हत्यात. तुमी एकदा हात ठिवा बाई."

आईनं हात पुढं केला. तो त्याच्या गालाला लागला, तिथून ती बोटांनी वर डोळ्यापाशी गेली. मग एकदम थांबली. स्वतःचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मला वाटलं प्रार्थना सुरू करेल. तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं आणि विचारलं, "कसा दिसतोय गं याचा डोळा?"

हळूच विचारलं होतं. पण सगळे प्रार्थनेसाठी शांत झाले होते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"पांढरा झालाय, आई," मी म्हटलं. "आणि भोवती लाल आहे. खूप लाल."

म्हातारी आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमाला दिसत नाय व्हय?"

आईनं म्हाताऱ्याचा दंड धरलेला होता, तो तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी वचन म्हणेल. मी तिच्या वतीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "नाही दिसत."

मग तिनं सगळं सांगितलं. साक्षीचा आवाज नव्हता तो, घरात भाजी काय करायची विचारते त्या आवाजात सांगितलं. नाताळापासून डोळ्यावर परत पडदा आलाय. मी कुणाला बोलले नाही. आणि पहिल्यांदा दिसायला लागलं ते ऑपरेशन केल्यावर. उस्मानपुऱ्यात केलं, डॉक्टरांनी केलं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आत्ताही मी म्हणाले की मला दिसतं, ते खरं नव्हतं.

मग मागून कुणीतरी गीत सुरू केलं. आमच्यात अडचण आली की गीत सुरू होतं. दोन-चार आवाज त्यात मिसळले आणि आपोआप थांबले.

"म्हंजी आपरेशन क्येलं व्हतं व्हय," म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसता ते ऐकलेलं नीट लावून घेत होता. आई म्हणाली, "हो. केलं होतं. तुम्ही उद्याच या उस्मानपुऱ्याला, मी तिथं थांबते." म्हातारीनं पदर तोंडाला लावला होता. म्हातारा म्हणाला की उद्या नाय जमायचं, मका काढायला मानसं सांगितल्यात, पर येतो दोन-चार दिसांत. मी त्याला परोपरीनं सांगितलं की मका राहू द्या. तो हो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत आई तयार होऊन बसली होती. दवाखान्यात आमच्या चर्चमधल्या दोघीजणी भेटल्याच. आईनं त्यांना सलाम केला आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं की डोळ्यावर पडदा आलाय, दाखवायला आलेय. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "इतके महिने काय करत होता तुम्ही?"

"साक्ष देत होते," आई म्हणाली. डॉक्टरांना ते कळलं नाही, त्यांनी पुढचं विचारलं.

नुसता पडदाच होता. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले, मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं, आणि आईचं जपमाळेसारखं चाललेलं 'प्रभू, प्रभू' पुरतं व्हायच्या आत काम संपलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेपर उचलला आणि मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत सगळा वाचला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या वेळेसारखी ती हरखली नाही. पेपर ठेवून तिनं विचारलं, "पिशोरहून काही फोन?"

फोन मीच करत होते. मका निघाला, मग गाडी मिळेना, मग म्हाताऱ्याचा ताप. आठवडा उलटून गेल्यावर ते आले. आई सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होती. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला बराच वेळ आत ठेवलं. त्याच्या डोळ्यासमोर बॅटरी लावत होत्या, काढत होत्या, विचारत होत्या, उजेड कळतो का, आता कळतो का. दारातून आम्हाला त्याचा आवाज येत होता. तो प्रत्येक वेळी विचार करून नाय म्हणत होता.

मग डॉक्टर बाहेर आल्या. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फार पुढं गेला होता, आत दाब वाढून नस मेली होती. तो डोळा गेला. दुखणं थांबवता येईल, एवढंच. डाव्यातही मोतीबिंदू होता, पण तो वाचणार होता, लगेच ऑपरेशन केलं तर.

"कधी आणायला हवं होतं त्यांना?" आईनं विचारलं.

"दुखायला लागायच्या आधी," डॉक्टर म्हणाल्या. "शिबिराला गेले असते तरी झालं असतं." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला आईचा भयंकर राग आला होता, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीपैकी काहीच करता आलं नाही. म्हातारी डोळे पुसत औषधं आणायला गेली. म्हाताऱ्याला बाहेर आणून आईसमोरच्या बाकावर बसवलं. त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं टॉवेल सोडून मांडीवर ठेवला होता. समोर कोण बसलंय ते त्यानं विचारलं, आई 'मी' म्हणाली, तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

"बाई, तुमचं क्येलं का मशिनीचं? दिसतंय का आता?"

इतके महिने हा प्रश्न कुणीही विचारला की आई फटकन दिसतं म्हणायची. शेजारी, चर्च, मी, कुणालाही. आता तिला खरंच दिसत होतं. त्याचं पांढरं बुबुळ दिसत होतं, त्याभोवतीची प्रत्येक लाल शीर दिसत होती, चुकीच्या काजात घातलेलं सदऱ्याचं बटण दिसत होतं. तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तरी येईना.

म्हाताऱ्यानं थोडी वाट पाहिली. मग पुढं वाकून, अंदाजानं तिचा हात शोधून, समजुतीच्या सुरात म्हणाला, "नसंल तर ऱ्हाऊ द्या, बाई. प्रभू दील."